एकच प्लेट

शिवकांतानं कॉफी मागितली. मोठ्यानं नाही, की कुणाला ऐकू जावं म्हणून नाही. टेबलापाशी उभ्या असलेल्या मुलीनं "आणि काकूंसाठी?" असं विचारलं, मी सवयीनं "तिला काही नको" म्हणालो, आणि माझं बोलणं पुरतं संपायच्या आत शिवकांता म्हणाली, "मला कॉफी. साखर कमी." मुलीनं हातातल्या मोबाइलवर बोट फिरवलं, "एक ग्रिल सँडविच, एक फिल्टर कॉफी," असं स्वतःशी पुटपुटली आणि गेलीसुद्धा. मी शिवकांताकडं बघत राहिलो. ती कठड्यापलीकडं औसा रोडवरची रहदारी बघत होती, रोज कुठंतरी बसून कॉफी मागवणाऱ्या बाईच्या थाटात. आमच्या लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेली. एवढ्या काळात आमच्या घरात कॉफीचा वास आल्याचं मला आठवत नाही. आमच्याकडं चहा. सकाळी चहा, आडतीवरून आलो की चहा, पाहुणा उंबऱ्यात दिसला की चहा. आणि साखर कमी, हे तिनं कधी ठरवलं? मुठीत तूर घेतली की ती चाकूरकडची की निलंग्याकडची हे सांगणारा माणूस मी, मार्केट यार्डात त्याबद्दल माझा थोडा रुबाबही आहे, आणि माझ्या बायकोला कॉफीत साखर किती लागते हे मला त्या परक्या मुलीबरोबरच कळलं. मला थोडा रागच आला. कुणाचा ते मात्र ठरेना.

जागेचं नाव 'माळवद'. ज्यांच्या डोक्यावर मातीचं माळवद पावसाळ्यात कधी गळलं नाही, असेच लोक हॉटेलला असलं नाव देऊ शकतात. खाली पूर्वी सरकीचं गोदाम होतं, तरुणपणी मी तिथं पोत्यांवर बसून भाव केलेले आहेत. आता वरच्या मजल्यावर एका बाजूला काचेच्या भिंतीमागं स्टीलच्या उंच टाक्या, त्यांत म्हणे बिअर तयार होते, इथल्या इथं. दुसऱ्या बाजूला कॉफीचं फुसफुसणारं यंत्र. मध्ये लाकडी टेबलं, कुंड्या, वायरला टांगलेले दिवे. पिणाऱ्यांचीही सोय आणि न पिणाऱ्यांचीही, आणि दोघांना एकमेकांचं काही वाटत नाही. आमच्या शेजारच्या टेबलावर तीन-चार पोरं सोनेरी ग्लास पुढ्यात घेऊन अगदी शहाण्यासारखी बसली होती, त्यांच्या पलीकडं एक आजोबा नातवाला आइस्क्रीम भरवत होते. आत शिरताना मी गळ्यातली इष्टलिंगाची चांदीची डबी शर्टाच्या आत सारली. लिंगाला कशानं काही होत नाही हे मला माहीत आहे, पण नव्या जागी उगाच त्यानं सगळं कशाला बघावं. शिवकांताच्या गळ्यातही डबी आहे, आमच्यात बाईच्याही गळ्यात लिंग असतं, ते तिच्या पदराखाली कायमच झाकलेलं. पण ती स्वतः मात्र सगळं बघत होती. टाक्या, दिवे, पोरं, ग्लासवरचा फेस. "अप्पा, व्हेजचं किचन वेगळं आहे, मी विचारून घेतलंय," असं सोमेशनं जिन्यातच सांगून टाकलं होतं. माझा मुलगा पुण्यात राहून असा झाला आहे. आपण प्रश्न विचारायच्या आत उत्तर देतो.

पण खऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यानं दिलं नाही, तो आमच्यावर सोडून गेला. सोमेश आणि माझी सून अंजू, दोघंही पुण्यात नोकरीला. त्यांची चिऊ तीन-चार वर्षांची. तिला सांभाळणारी बाई काम सोडून गेली, आणि त्यांनी आईला पुण्याला न्यायचं ठरवलं. चार दिवसांसाठी नाही, चिऊ मोठ्या शाळेत जाईपर्यंत. आठवडाभर ते आमच्याकडं होते, आणि आठवडाभर हा विषय घरात मांजरासारखा फिरत होता. उद्या सकाळी त्यांना निघायचं होतं. आज दुपारी सोमेश म्हणाला, चला, तुम्हाला एक नवीन जागा दाखवतो. इथं आणलं, आम्हा दोघांना समोरासमोर बसवलं, आणि तो न बसताच म्हणाला, "तुम्ही दोघं निवांत बोला. आम्ही चिऊला खाली घसरगुंडीवर नेतो. खाली येऊन मला फक्त एवढंच सांगा, आई येणार की नाही." अंजू माझ्याकडं न बघता चिऊची चप्पल शोधत होती. मी मनात म्हटलं, यात बोलायचं काय आहे. आडत सोडून मला हलता येत नाही, आणि मला सोडून ती हलणार नाही. तिला विचारायचीसुद्धा गरज नव्हती. पाच मिनिटं बसायचं, सँडविच खायचं, खाली जाऊन "नाही जमत" म्हणायचं. हे सगळं माझ्या डोक्यात इतकं सरळ होतं, आणि तेवढ्यात तिनं कॉफी मागितली. ज्या बाईला कॉफी लागते हे मला ठाऊक नव्हतं, ती पुण्याला जाईल की नाही हे मला कुठून ठाऊक असणार, असा एक विचार आला.

टाक्यांच्या बाजूनं वाऱ्याबरोबर एक वास आला. आंबूस, धान्याचा, ओला. मला येळवस आठवली. आमच्याकडं मार्गशीर्षातल्या अवसेला सगळं लातूर रिकामं होतं, जो तो शेतात. कडब्याची खोप, तिच्यात पाच दगडांचे पांडव मांडलेले, भज्जी, उंडे, आणि मडक्यातली आंबील. शिवकांताच्या हातची आंबील माझे हमाल, माझी गिऱ्हाइकं, माझे वैरीसुद्धा नाव काढून पितात. ज्वारीचं पीठ ताकात किती वेळ भिजवायचं, लसूण कधी घालायचा, हे तिचं ती जाणे. मी डोळ्यांपुढं शेत आणलं. पुरुषांची पंगत बसलेली आहे, मी मध्ये, माझ्या शेजारी माझा पुतण्या वीरभद्र, आणि ती मडकं कमरेवर घेऊन वाढत येते आहे. इथपर्यंत सगळं स्पष्ट. मग आम्ही उठतो, हात धुतो, मी बांधाबांधानं हरभरा बघायला जातो. नंतर बायका बसत असणार. बसत असणारच, कारण परत येताना मडकी रिकामी असतात. पण ते मला दिसेना. मी दुसरीकडं शोधायला लागलो. लग्नांतल्या पंगती, बायकांची पंगत निराळी, मांडवाच्या दुसऱ्या टोकाला. श्रीशैलची यात्रा, रेल्वेत तिनं डबा उघडला, मला वाढलं, मी खाल्लं, वरच्या बर्थवर जाऊन झोपलो. नांदेडला बहिणीकडं, ती आणि बहीण आत, मी आणि मेव्हणे बाहेर. माझं ऑपरेशन झालं तेव्हा दवाखान्यात ती आठवडाभर माझ्या उशाशी होती, तेव्हा तर काहीतरी खाल्लं असेलच. मी वेड्यासारखा शोधत होतो. भाकरी थापणारी शिवकांता सापडत होती, वाढणारी सापडत होती, सोमवारचा उपवास धरलेली सापडत होती. पण तोंडात घास असलेली शिवकांता मला कुठंच सापडेना. चाळीस वर्षांत माझ्या बायकोला मी जेवताना पाहिलेलं नव्हतं. हे असं कधी कुणी मोजत नाही. मीही मोजलं नव्हतं, त्या वासानं मला तिथं नेऊन सोडलं एवढंच.

कॉफी आली. पितळी पेला, पितळी वाटी. मला वाटलं ती आता गोंधळेल, हे काय दोन-दोन भांडी म्हणून माझ्याकडं बघेल, आणि मी त्या मुलीला विचारून तिला सांगीन. शिवकांतानं पेला उचलला, वाटीत कॉफीची धार धरली, हात चांगला वर नेऊन, आणि परत पेल्यात ओतली. एक थेंब सांडला नाही. शेजारच्या पोरांपैकी एकानं ते बघून मान डोलावली. मग तिनं पहिला घोट घेतला आणि डोळे मिटले. थोडेच मिटले, पण मिटले.

"तू कॉफी कवापासून प्यायला लागलीस?" मी विचारलं.

"लहानपणापास्नं."

"अन् मग आपल्या घरी?"

"घरी तुमच्यात चहा असतो," ती म्हणाली. तक्रार नव्हती तिच्या आवाजात. सूर्य तिकडून उगवतो, तसं.

तिचं माहेर भालकीचं, कर्नाटकातलं. तिथं माझा सासरा बाहेरच्या खोलीत लोडाला टेकून बसलेला असायचा आणि जावई म्हणून मला त्याच्या शेजारी बसावं लागायचं. आतून बायकांचं कानडी ऐकू यायचं, हसणं ऐकू यायचं, आणि एक खरपूस वास यायचा. तो मला वाटायचं शेंगदाणे भाजतायत. म्हणजे ती कॉफी होती. मी बाहेर चहा पीत बसलेलो असायचो आणि भिंतीच्या आड ती कॉफी पीत असायची, आईच्या शेजारी पाटावर, हसत. लग्न होऊन लातूरला आली तेव्हा तिनं माझ्या आईला, सिद्धम्माला, कॉफीचं विचारलं होतं म्हणे एकदा. हे आता तिनं मला सांगितलं, दोन घोटांच्या मधे. आई म्हणाली, आपल्यात चहा करतात. झालं, विषय संपला. "अत्ती काय वाईट न्हवत्या," ती सासूबद्दल म्हणाली. "त्येंला ठाऊकच न्हवती कॉफी. अन् मला काय तेवढ्यासाठी रडायचं न्हवतं." मग पुन्हा रस्त्याकडं बघत म्हणाली, "चांगली केलीय पोरांनी. भालकीवाणी न्हाई, पर चांगलीय." मला एकदम फार वाटलं की आत्ता उठून जावं, कॉफीचं एक पोतं आणून घरात टाकावं. आडत्याच्या डोक्यात प्रेमसुद्धा पोत्यानंच येतं.

सँडविच आलं. एका पांढऱ्या प्लेटीत चार त्रिकोणी तुकडे, बाजूला बटाट्याचे काप. मी खायला लागलो, कारण समोर आलेलं खाणं मला खाता येतं, विचार नंतर करता येतो. खाता खाता माझं लक्ष होतं की ती आता एक तुकडा उचलेल. तिनं उचलला नाही. कॉफी संपवून ती हात मांडीवर घेऊन बसली होती, माझ्या प्लेटीकडं बघत होती, न बघितल्यासारखं. चटणी संपली तेव्हा तिनं शेजारची बाटली उघडून माझ्या प्लेटीत सॉस वाढला. मी "पुरे" म्हणालो, तेव्हा थांबली. मी दोन तुकडे खाल्ले. दोन ठेवले, थोडे काप ठेवले. हे ठेवणं मी ठरवून करत नाही, ते माझ्या हातात आहे. जेवताना ताटात चतकोर भाकरी, डावभर वरण मागं राहतं, मी उठतो, आणि ती त्याच ताटात बसते. माझी आईही वडिलांच्या ताटात बसायची. आमच्या घरात अन्न टाकायची पद्धत नाही, आमच्यात अन्न म्हणजे प्रसाद, असं मी चारचौघांत मान ताठ करून सांगत आलो आहे. मी प्लेट बोटानं जरा पुढं सारली आणि पाण्याचा ग्लास घेतला. ती मुलगी आमच्याच बाजूला येत होती. चुणचुणीत होती, छातीवर नावाची पट्टी, समीक्षा. तिनं हसून विचारलं, "काका, झालं?"

"झालं," मी म्हणालो.

घरी मी हे रोज म्हणतो. झालं, म्हणजे आता तू बस. समीक्षानं प्लेट उचलली. शिवकांताचा हात तेव्हा टेबलावर होता, पुढं आलेला, प्लेटीच्या काठापासून जरा अलीकडं. प्लेट गेली आणि तो हात तसाच राहिला. बोटं जराशी उघडी. किती वेळ राहिला असेल, फार नाही. पण मी तो पाहिला. नंतर तिनं तो हात तसाच सरकवत नेला आणि टेबलावरचे पावाचे दोन-चार कण बोटानं गोळा करायला लागली, त्याच्यासाठीच हात पुढं केला होता असं दाखवत. तिला भूक लागली होती. सकाळपासून ती उद्याच्या प्रवासाच्या दशम्या करत होती, दुपारी आम्ही जेवलो, चिऊ झोपेना म्हणून ती तिला घेऊन बसली, आणि मग सोमेशनं चला चला केलं. ती जेवलीच नव्हती. मी उठलो. खुर्ची मागं कलंडली, पोरांनी वळून बघितलं. "ए बाई," मी हाक मारली, "ते आण माघारी. ते तिचं हाय."

समीक्षा थबकली. ती काउंटरपर्यंत पोचली होती, आणि तिच्या हातातली प्लेट रिकामी होती. तिचं तोंड उतरलं. धावतच आली आणि शिकवलेलं सगळं सर-मॅडम विसरून म्हणाली, "अय्यो काकू, मला वाटलं तुमाला नकोच हाय. काका झालं म्हणले मनून मी टाकलं. मी दुसरं आणते, आमच्याकडून."

"तुझं काय चुकलं न्हाई," शिवकांता म्हणाली. "त्येनी झालं म्हणले, तू उचललीस. बरोबर हाय." मग मला म्हणाली, "बसा खाली. लोक बघायलेत." मी बसलो. शिवकांतानं मुलीला विचारलं, "कुठल्या गावची गं तू?"

"चाकूरची."

"जेवलीस का दुपारी?"

"हाव काकू. आमचा स्टाफ सगळा एकदमच बसतो, बारी लावून न्हाई. मॅनेजरबी आमच्यातच."

"असं," शिवकांता म्हणाली. तिनं त्याच्यावर क्षणभर विचार केला. नंतर पोरांच्या टेबलाकडं बोट दाखवून म्हणाली, "त्येंला काय दिलंय ते? गोल?"

"पिझ्झा, काकू. व्हेजच हाय. कांदा, शिमला मिरची."

"त्ये आण. एक."

"दोन प्लेटा देऊ सोबत?"

माझ्याकडं न बघता शिवकांता म्हणाली, "एकच प्लेट. माझी."

मुलगी गेली आणि आम्ही दोघंच उरलो, मधे रिकामं टेबल. अशा वेळी मी आडतीवर असतो तर पान मागवलं असतं. खालून चिऊचा आवाज येत होता, पुन्हा पुन्हा घसरगुंडीवर चढवा म्हणून. मी म्हणालो, "सोमेश खाली थांबलाय. त्याला काय सांगायचं?"

"तुमी काय सांगणार होता?"

"मी सांगणार होतो, ती न्हाई येत म्हणून."

"मला वाटलंच." ती पदरानं कपाळ टिपत म्हणाली, "मी अंजूला परवाच सांगितलंय. येते म्हणून."

वारा होता, दिवे हलत होते, मी त्यांच्याकडं बघत बसलो. परवा म्हणजे मी यार्डात होतो. परवा संध्याकाळी तिनं मला नेहमीसारखं जेवायला वाढलं होतं, वांग्याची भाजी होती, मी मीठ कमी आहे म्हणालो होतो. "मग मला इथं कशाला आणलं?" माझा आवाज जरा चढला असावा. "घरी सांगायला तोंड न्हवतं का?"

"घरी कवा सांगू?" ती शांतपणे म्हणाली. "तुमी घरी बसता ते जेवायला. अन् तवा मी उभी असते. उभ्या-उभ्या हे सांगायचं न्हवतं मला. मीच सोमेशला म्हणलं, कुठंतरी बसीव आमाला."

म्हणजे ही जागा, ही खुर्ची, समोरासमोर, हे सगळं तिचं होतं. मी ज्याला मुलाचं पुणेरी खूळ समजत होतो ते माझ्या बायकोनं माझ्यासाठी मांडलं होतं, आणि कॉफीसुद्धा तिनं त्याच धीरावर मागितली होती. मला राग यायला हवा होता. आला नाही. कधी नव्हे ते कुणीतरी माझ्याशी बोलायला इतकी तयारी करून आलं होतं, आणि ते तिनं केलं होतं, याचं मला काहीतरी वाटलं, चांगलं वाटलं. आणि त्याच्याच खाली, ती जाणार आहे हे. घर डोळ्यांपुढं आलं. ती नसलेलं घर मी कधी पाहिलेलं नाही, ती भालकीला जायची तेव्हा आई असायची. मी म्हणालो, "मीबी येतो."

तिनं वर बघितलं.

"आडत वीरभद्र बघंल. असंही सगळं तोच बघतो, मी नुसता गादीवर बसतो. मी येतो पुण्याला. चिऊला बागेत नेईन. मी आलो तर..." इथं मी अडखळलो, कारण पुढचे शब्द मी तिला उद्देशून कधी वापरलेले नव्हते. "मी आलो तर चालंल का तुला?"

तिनं खरंच विचार केला, ते मला दिसलं, आणि त्या वेळात मी मुलाखतीला बसलेल्या पोरासारखा टेबलाची कड धरून होतो. मग ती म्हणाली, "नका येऊ."

"कामून?"

"तुमी आलाव की मी पुन्हा मागून जेवीन. तुमी म्हणशाल बस, माझ्यासंगं बस. तरी न्हाई बसणार मी. माझं मला ठाऊक हाय. तसंच वळण पडलंय." ती बोलता बोलता थांबली, आणि मग जे बोलली ते तिनं बरेच दिवस आत ठेवलेलं होतं, एवढं मला समजलं. "मागल्या बारीला चिऊ आलती तवा भातुकली मांडली तिनं. बाहुल्याला ताट वाढलं. अन् बाहुलीला भिताडाकडं तोंड करून उभी केली. मी म्हणलं, हिला कामून न्हाई गं वाढलंस? तर म्हणती, ती नंतर. पुण्यात जलमलेली पोरगी. अंजू असं करत न्हाई, सोमेश करत न्हाई. मग कुठं शिकली? माझ्याकडंच बघून की." तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. "तिला सांभाळायला जायचं म्हणलं तर ह्ये घेऊन न्हाई जाता येणार. मला आधी एकटीला तिथं बसू द्या त्येंच्यासंगं. जमतंय का बघू द्या."

बोलण्यासारखं पुष्कळ होतं, मी कधी तुला मागून जेव म्हणालो का, मी कधी अडवलं का, आणि ते सगळं खरंही होतं. मी कधीच म्हणालो नव्हतो. कुणीच म्हणालं नव्हतं. म्हणूनच ते इतकी वर्षं टिकलं असेल. तिचा चेहरा मी पहिल्यांदाच इतक्या उजेडात, इतक्या समोरून बघत होतो, मधे ताट नाही, वाढायचा डाव नाही. चाळीस वर्षांपूर्वी मांडवात तिला बघितलं होतं तेव्हा आवडली होती. आता जास्त आवडली, आणि नेमकं आताच तिला माझ्यापासून लांब जायचं होतं. मला फार वाईट वाटलं. ते मी लपवलं नाही, आणि तिनंही ते पाहून न पाहिल्यासारखं केलं नाही.

"आपल्या घरी भाकरीला रेणुकाबाईला सांगितलंय," ती हलक्या आवाजात म्हणाली. "दोन टायमाला येईल. पीठ दळून ठेवलंय. बीपीची गोळी देवापुढं ठेवलीय, पूजेला बसला की दिसंल."

"अन् मी तिकडं कवा यायचं?"

"पाडव्याला या." पहिल्यांदाच ती थोडी हसली. "पाहुण्यावाणी या, पिशवी घेऊन. पाहुण्यासंगं मी बसते का न्हाई, तवा बघू."

पिझ्झा आला. समीक्षानं तो शिवकांतापुढं ठेवला, प्लेट ठेवली, आणि माझ्यापुढं मुद्दाम काहीच ठेवलं नाही. वाफ येत होती. शिवकांतानं पदर खोचला, सवयीनं इकडंतिकडं बघितलं, कुणाला काही हवं आहे का ते. कुणाला काही नको होतं. तरी तिचा हात पुढं होईना. माझ्यासमोर खायचं तिला जड जात होतं, आणि मी तोंड फिरवावं की बघावं ते मलाही सुचेना. शेवटी मी म्हणालो, "गार होईल." तेव्हा तिनं एक तुकडा उचलला, लांबलेल्या तारा बोटाला गुंडाळून तोडल्या, आणि घास घेतला.

ती डाव्या बाजूनं चावते. उजवीकडची दाढ तिनं काढून घेतली आहे, कधी काढली ते मला माहीत नाही, दवाखान्यात कुणाबरोबर गेली तेही नाही. ती घाईघाईनं खाते, अजून गिळला नाही तोवर पुढचा घास हातात, कुठल्याही क्षणी आतून-बाहेरून हाक येईल अशा बाईसारखं. शिमला मिरची तिला आवडत नाही. ती निवडून एका कडेला ठेवते. आणि आवडीचं काही तोंडात आलं की तिच्या भुवया वर जातात, हे तिलाही ठाऊक नसेल. मी सगळं बघत होतो, एकेक, आणि बघता बघता तिचा वेग कमी झाला. कुणी हाक मारत नव्हतं. तिसऱ्या तुकड्याला ती खुर्चीला टेकली. शेजारची पोरं उठून गेली, त्यांच्या टेबलावर दुसरी आली. उद्या या वेळेला ती पुण्यात पोचलेली असेल, असा हिशोब मनात आला आणि तो मी तिथंच टाकून दिला.

जिन्यावर पावलं वाजली. चिऊला खांद्यावर घेऊन सोमेश वर आला, मागं अंजू. खाली वाट बघून कंटाळला असणार. तो सरळ माझ्या खुर्चीपाशी आला, आमच्या घरात सगळे प्रश्न येतात तिथंच, आणि खाली वाकून त्यानं विचारलं, "मग अप्पा, काय ठरलं? आईला पाठवताय ना?"

शिवकांताच्या तोंडात घास होता. तिनं घाईनं तो गिळायला घेतला, हातातला तुकडा प्लेटीत ठेवून उठायलाही लागली.

मी हात आडवा करून सोमेशला थांबवलं.

"जरा दम धर," मी म्हणालो. "तुझी आई जेवायलीय."